नेसलेला घाट आणि शिवलेला घाट

गणेशोत्सवात येथील मराठी मंडळींच्या मंडपात हळदीकुंकवाच्या सायंकाळी उभे राहिले, म्हणजे आपण बंगळुरात आहोत याचा क्षणभर विसर पडतो. गेल्या उत्सवात असेच उभे असता एका गृहस्थांनी नऊवारीतल्या स्त्रियांच्या घोळक्याकडे हात करून, ‘पाहा, घरापासून इतक्या दूर येऊनही आपले लेणे टिकले आहे’, असे समाधानाने म्हटले. गृहस्थ माझ्याहून वरच्या श्रेणीचे असल्यामुळे त्यांची मते मी लक्षपूर्वक ऐकतो. मी पाहिले. वीसेक नऊवाऱ्यांपैकी बहुतेक शिवलेल्या होत्या. म्हणजे मापे कळवून पुण्याहून वा डोंबिवलीहून मागविलेल्या, कमरेला हूक आणि नाडी असलेल्या, निऱ्या कायमच्या टाचलेल्या आणि विजारीसारख्या पाय घालून चढवावयाच्या. त्यांतली एक माझ्या घरची होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे लिहिण्याचा मला अधिकार उरणार नाही.

परंपरा बुडाली म्हणून गळा काढण्याचा माझा हेतू नाही. तसा गळा काढणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बहुतेक पुरुष आहेत. माझा प्रश्न निराळा आहे आणि तो सौंदर्यदृष्टीचा आहे. अलीकडे ‘वस्त्रशिल्प’ हा शब्द वारंवार कानी येतो. सपाट कापडाला चुण्या, निऱ्या, गाठी, खळ, उष्णता, क्वचित तार यांच्या साहाय्याने उंची, पोकळी आणि कंगोरे आणावयाचे आणि अंगावर एक आकृती उभी करावयाची, असे त्याचे स्वरूप. आपल्यापैकी बहुतेकांना हे परदेशी खूळ वाटते. मला वाटते, आपल्या आज्या हेच काम रोज पहाटे चुलीपाशी जाण्यापूर्वी उरकून टाकीत, आणि त्याला नाव द्यावे असे त्यांना कधी वाटले नाही.

नऊवारीची करणी नीट पाहिली तर हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटणार नाही. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याला कात्री नाही, शिवण नाही, खाली परकर नाही, टाचणी नाही. एक टोक कमरेभोवती घेऊन गाठ मारली की बाकीचे सारे कापड त्या एका गाठीच्या आधारावर उभे राहते. निऱ्या घेऊन ओचा खोचावयाचा, मधला भाग पायांतून मागे नेऊन काष्टा घालावयाचा, उरलेला पदर खांद्यावर. येथे आकार टिकतो तो ताण आणि घर्षण यांच्या जोरावर. मातीच्या पुतळ्याच्या आत मूर्तिकार लोखंडी सांगाडा उभारतो. येथे सांगाडा सजीव आहे, तो चालतो, वाकतो, पाटावर बसतो, आणि तरीही घाट मोडत नाही. त्याच कापडाचे कोळणीच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचे आटोपशीर रूप होते आणि लावणी नाचणारीच्या अंगावर घुंगरांना वाट करून देणारे कसलेले रूप होते. रता कपूर चिश्ती यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारतभरच्या साडी नेसण्याच्या १०८ तऱ्हा नोंदविल्या आहेत. आपण राहतो त्या शहरातच पाहावयाचे तर मल्लेश्वरमच्या एखाद्या लग्नात अय्यंगार घरच्या वधूचे मडिसारू दिसते, माध्व घरांतले कच्चे दिसते, आणि निऱ्या पाठीमागे खोचणाऱ्या कोडगू स्त्रियाही दिसतात. कापड एकच, पण प्रत्येकीने त्यातून निराळी मूर्ती काढली आहे. यक्षगानाच्या बडगुतिट्टू पद्धतीत नट रंगपटात बसून डोक्यावर कापडाचे मुंडासे बांधतो, केवड्याच्या पाकळीसारखा त्याचा आकार उभा करतो, आणि पहाटे खेळ संपला की तो सोडून टाकतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, ते आदल्या वर्षी तेथे आलेल्या कानडी मंडळींचे खेळ पाहून, हे आपण शाळेत वाचलेले आहे. त्या मंडळींकडून आपण नाटक घेतले, मुंडासे मात्र घेतले नाही.

या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. घाट तयार होतो आणि सुटतो, आणि सुटल्यावर कापड पुन्हा कापड होते. आणि तो घाट घडविणारी व्यक्ती आणि तो अंगावर वागविणारी व्यक्ती एकच असते. शिवलेल्या नऊवारीत यांतले काय नाहीसे होते, हे पाहावयाचे आहे.

पण शिवण म्हटली की वाईट, असा निकाल देण्याची घाई मी करणार नाही. कारण मग भानू अथैया यांचे काय करावयाचे? हे नाव बहुतेकांना ठाऊक आहे ते ‘गांधी’ चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना मिळालेल्या ऑस्करमुळे. त्या मूळच्या राजोपाध्ये, १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. प्रोग्रेसिव्ह गटाच्या १९५३ सालच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी पोशाखांची रेखाटने काढता काढता त्या कापडाकडे वळल्या. म्हणजे त्या शिंपीकामातून चित्राकडे आलेल्या नव्हेत, चित्रातून कापडाकडे आलेल्या. आणि हा क्रम त्यांच्या कामात सतत जाणवतो.

त्यांची दोन कामे शेजारी ठेवून पाहावी. ‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटासाठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रे अभ्यासली आणि वैजयंतीमालेच्या अंगावर न शिवल्यासारखे दिसणारे अधोवस्त्र, उरोबंध आणि अलंकार यांचा मेळ घातला. कथा अजातशत्रूच्या काळची, म्हणजे इसवी सनापूर्वीची, आणि आधारास घेतलेली अजिंठ्याची चित्रे बहुतांशी इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. हे हजार वर्षांचे अंतर मला खटकत नाही. नाटकाला इतकी सवलत असतेच. मला खटकते ते असे की, तो पोशाख अखेरपर्यंत चित्रच राहतो. त्याची रेषा देखणी आहे, पण भिंतीवरच्या आकृतीला पाठ नसते, आणि ही उणीव त्या पोशाखात उतरली आहे. समोरून पाहताना मन तृप्त होते. आकृती वळली की डोळा कापड सोडून दागिन्यांकडे जातो.

दोनच वर्षांनी आलेल्या ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधली मुमताजची नारंगी साडी याच्या अगदी उलट. तिच्यामागे अजिंठा नाही, संशोधन नाही, समारंभात सांगण्यासारखे काही नाही. शम्मी कपूरबरोबर बेभान नाचावयाचे आहे, आणि नेसलेली पाचवारी त्या नाचात दोन मिनिटेही टिकणार नाही, एवढीच अडचण. भानूबाईंनी साडीचे वळसे अंगाबरोबर बसवून आधीच शिवून टाकले, बाजूला झिप लावली आणि खालची कड घोट्याच्या वर उचलली. काठाच्या रेघा शरीराभोवती फिरत जातात, त्यामुळे नाचताना प्रत्येक वळण दोनदा दिसते. एकदा देहाचे आणि एकदा काठाचे. कोणत्याही बाजूने पाहा, आकृती पुरी आहे. ती साडी ‘मुमताज साडी’ म्हणून गाजली, तिच्या असंख्य नकला झाल्या, आणि तिची थट्टाही पुष्कळ झाली. तरीही वस्त्रशिल्प या दृष्टीने मी तिला ‘आम्रपाली’च्या वर ठेवतो. अजिंठ्याच्या खाली मुमताजला बसविणे सोपे आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे मत मुद्दाम लिहून ठेवतो.

कारण असे की, येथे शिवणीने नेसण्याची नक्कल केलेली नाही. नेसण्याला जे साधणार नव्हते ते शिवणीने करून दाखविले. आणि माझ्या मते शिवलेल्या नऊवारीचा दोष नेमका येथे आहे. ती शिवणीचा उपयोग करते तो शिवण लपविण्यासाठी. नेसल्याचा आभास निर्माण करणे एवढेच तिचे ध्येय. निऱ्यांची संख्या ठरलेली, काष्ट्याचे टोक ठरलेले. उंच बाई असो, बुटकी असो, पोट सुटलेले असो, निरी तिथेच पडते. नेसलेल्या लुगड्यात आपली आई ओळखू येत असे. लांबून, पाठमोरी, नुसत्या काष्ट्यावरून. शिवलेल्या नऊवारीत मंडपातल्या वीस बायकांना पाठमोऱ्या ओळखणे मला जमले नाही. त्यांत माझी पत्नीही होती.

हे सर्व मी घरी बोलून दाखविले तेव्हा पत्नीने जो शेरा मारला तो न गाळता येथे देतो. ‘तुम्ही एकदा नऊवार नेसून, बस पकडून, साडेनऊला कचेरीत सही करून दाखवा, मग लिहा.’ या शेऱ्याला माझ्यापाशी उत्तर नाही. नऊवारी नेसावयाला शिकविणारी सासू जवळ लागते, अर्धा तास लागतो, प्रथम प्रथम दुसऱ्या दोन हातांची मदत लागते. बदलीच्या नोकरीत यांतले एकही हाताशी नसते. तेव्हा शिवलेली नऊवारी ही सोय आहे आणि सोय म्हणून ती ठीकच आहे. सोयीला कोणी शिल्प म्हणू लागले म्हणजेच टीकाकाराचे काम सुरू होते.

खुद्द वस्त्रशिल्पाच्या क्षेत्रातही हीच फूट दिसते. दिल्लीच्या गौरव गुप्ता यांचे पोशाख आज जगभर गाजतात. २०२३ च्या ग्रॅमी समारंभात कार्डी बी या गायिकेने घातलेल्या त्यांच्या निळ्या पोशाखाची कमान तिच्या डोक्यावरून वळसा घेऊन गेली होती. छायाचित्र पाहून मी थक्क झालो, हे कबूल. पण दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा वाटले की, त्या कमानीत कापड आपले वजन विसरले आहे. तिथे पत्रा असता तरी चालले असते. याउलट व्हेनिसच्या मारियानो फोर्तुनी यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रेशमाचा बारीक चुण्यांचा जो झगा तयार केला, तो पिळून, सुताच्या लडीसारखा गुंडाळून लहानशा गोल डबीत ठेवीत. भिजला तर चुण्या जात आणि तो पुन्हा चुणण्यासाठी फोर्तुनींकडेच पाठवावा लागे. जपानच्या इस्से मियाके यांनी १९९३ पासून चुणीदार कपड्यांची जी मालिका काढली तिच्यात आधी अडीच-तीन पट मोठा कपडा शिवून घेत आणि मग तो कागदांच्या मध्ये ठेवून उष्ण दाबाखाली घालीत. पॉलिएस्टरचा धागा तापल्यावर घडी धरतो आणि धुण्यानेही सोडत नाही. सुताची घडी मात्र पाण्याचा थेंब लागताच सुटते. येथे घाट कापडावर लादलेला नाही, धाग्याच्या स्वभावातून काढलेला आहे. आपल्या शेजारी म्हैसूरचे क्रेप याच तत्त्वावर विणले जाते. धाग्याला उलटसुलट कडक पीळ देतात, आणि विणलेले कापड उकळून काढले की पीळ उसळी घेतो आणि सारा पोत आपोआप आक्रसतो. बसवनगुडीत टाटांनी जपानी जाणकार आणून रेशमाची शेती उभारली होती. तिच्या नावाचा भाग आजही तेथे आहे आणि बसचा वाहक ते नाव रोज पुकारतो. रेशमाच्या बाबतीत जपान आणि आपण इतके जवळ होतो, हे नाव ऐकताना कोणाच्या ध्यानात येते की नाही, कोण जाणे.

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. माझी भाची या शहरात वेषरचनेचे शिक्षण घेते. अखेरच्या वर्षाला एक वस्त्रशिल्प सादर करावयाचे होते. एका रविवारी ती आली आणि म्हणाली, ‘मामा, आजीचे ते इरकली लुगडे मला हवे आहे. कापीनच असे नाही; पण कापणार नाही, असेही आज सांगता येत नाही.’

माझी आई शेवटची चार वर्षे येथे सरकारी वसाहतीत माझ्याजवळ होती. तिची इतर लुगडी बहिणींनी वाटून घेतली. हे एक माझ्या ट्रंकेत राहिले. काळसर निळ्या चौकड्यांचे सुती अंग, तांबडा रेशमी पदर, त्यावर कणसासारखे पांढरे टोप. इळकल गावचे हे विणकाम. अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडतात, म्हणून सूत आणि रेशीम एका लुगड्यात नांदतात. कानडी मुलखात विणलेले आणि मराठी बायकांनी आयुष्यभर नेसलेले. मी प्रकरण आठ दिवस विचाराधीन ठेवले. मग अट न घालता लुगडे दिले. कापू नकोस असे सांगणे माझ्या तोंडावर आले होते. पण मुमताजच्या साडीचे कौतुक करणाऱ्याने आईच्या लुगड्यासाठी निराळा नियम करावा, हे मला पटेना.

तिचे पहिले दोन प्रयत्न फसले आणि ते फसताना मी पाहिले. प्रथम तिने दाट खळ देऊन निऱ्या उभ्या केल्या. टेबलावर ते रूप पत्रावळीसारखे ताठ उभे राहिले. अंगावर घालून दोन पावले टाकताच सांध्यांशी कडा मोडल्या, आणि संध्याकाळच्या पावसाळी हवेने उरलेले मऊ करून टाकले. मग जाड कागदाच्या घड्यांत कापड घालून इस्त्रीने चुण्या बसविल्या. सुताने त्या एक रात्र धरल्या. तिसऱ्या वेळी तिने लुगड्याकडे नीट पाहिले असावे, असे मला वाटते. लहान मुलींच्या झग्याला छातीपाशी मधमाशांच्या पोळ्यासारखे चुणीकाम असते, ते करताना शिंपी आधी कापडावर ठिपक्यांची आखणी करतात. येथे आखणी विणकराने केलेलीच होती. प्रत्येक चौकडीचे कोपरे सुईने उचलून, एकाआड एक दोऱ्याने जवळ ओढीत तिने सहा वारांवर काम केले. कापड आक्रसून तिसऱ्या हिश्शावर आले आणि त्याला खोली आली. चौकडीची निळी रेघ खाचेत गेली, मधले अंग फुगून वर आले. उरलेले कापड तिने चक्क नेसविले, गाठ मारून, काष्टा घालून. कात्री लागली नाही. कोणी जाणत्याने पदर जोडावरून सोडवून निराळा लावण्याची सूचना केली होती. तीही तिने ऐकली नाही.

मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घाटासाठी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे सांगितली. (तेही आकाशवाणीच्या नोकरीत गावोगाव फिरलेले, हे येथील वाचकांना सांगावयास नको.) त्या कसोटीवर हा पोशाख पाहिला तर पहिली दोन तत्त्वे मला स्पष्ट दिसली. पोळ्याचा एकच आकार पुन्हा पुन्हा येतो, पण देहाच्या वळणाप्रमाणे कोठे आवळतो, कोठे सैल होतो, हा संवाद. कंबरेपासून खाली पोळे एकाएकी थांबते आणि निऱ्यांची सरळ धार सुरू होते. हा विरोध, आणि तो धीट आहे. समतोल मात्र चुकला. पदर तिने मानेमागून उंच, पंख्यासारखा उभा केला होता. सुती अंगाचे सारे वजन खाली आणि हलके रेशीम वर. ते आपल्या बळावर उभे राहीना. तेव्हा तिने पदराच्या आत बारीक तार घातली. परीक्षकांना तो पदरच सर्वांत आवडला, असे ऐकतो. मला तेवढाच भाग खोटा वाटला. ज्या मुलीने चौकडीला काय हवे ते ओळखले तिने रेशमाला विचारले नाही. रेशीम खाली ओघळू दिले असते, तर पाठीवर लाल पाण्यासारखे आले असते. शिवाय त्या तारेमुळे बसता येत नव्हते. नेसणारी मुलगी दोन तास उभी होती. आजीने ते लुगडे नेसून शेतावर भांगलण केली होती.

हे मी भाचीला सांगितले. तिने वाद घातला नाही. ‘तार शेवटच्या रात्री घातली, मामा’, एवढेच म्हणाली. कचेरीत मार्चअखेरचे हिशेब कसे जुळतात हे ज्याला ठाऊक आहे त्याने यावर अधिक बोलू नये.

काम परत आले तेव्हा तार तिने आधीच काढली होती. पत्नीने आणि तिने मिळून दोन संध्याकाळी दोरे उसवले. सहा वारांतून निघालेले दोरे एका वाटीत मावले. लुगडे साध्या पाण्यातून काढून वरच्या गच्चीत वाळत घातले. निम्म्या चुण्या पाण्यात गेल्या, निम्म्या अंधुक राहिल्या. सुकल्यावर पत्नीने ते खांद्यावर टाकून पाहिले आणि गाठ कोणत्या बाजूला मारतात ते मला विचारले. मला सांगता आले नाही. बहिणीला तार करावी तसा निरोप पाठविला आहे. चौकड्यांच्या कोपऱ्यांवर सुईची भोके अजून दिसतात. विणकऱ्याच्या जातीचे कोणी भेटले तर दुसऱ्या धुण्यात ती बुजतात का, हे विचारावयाचे आहे.